गुरुवारी उघडणारं शटर

नोकरीतल्या निम्म्याहून जास्त केसेस मी आता विसरलो आहे. नावं विसरलो, कलमं विसरलो, कोर्टाच्या तारखा तर मुद्दाम विसरलो. ही एक केस मात्र दर गुरुवारी, दिवेलागणीच्या सुमाराला, न बोलावता समोर येऊन उभी राहते. बायकोला हे माहीत आहे. त्या वेळेला ती मला काही विचारत नाही.

मुलुंड ते विक्रोळी या पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात मी तेव्हा निरीक्षक होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांनी पुरेसं भोगलं आहे.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. आरोपी कोर्टात न्यायचे होते, जीप बंद पडली होती आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं. एवढ्यात एक बाई आत आल्या. वय पासष्टच्या आसपास, अंगावर स्वच्छ सुती साडी, हातात कापडी पिशवी. मी त्यांना ओळखलं. चार महिन्यांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा बेपत्ता झाल्याची नोंद आमच्याकडे होती. मूळच्या मालवणकडच्या. नवरा विक्रोळीच्या एका कारखान्यात होता, तो वारून बरीच वर्षं झाली होती. मुलगा एकोणतीस वर्षांचा. मोटरवर चालणारी शटर बसवायचा आणि दुरुस्त करायचा. घर बैठं, रस्त्याला लागून. पुढच्या खोलीत त्याचं वर्कशॉप, मागे आई-मुलगा राहायचे. त्या हिवाळ्यात एका पहाटे मरोळच्या एका कंपनीचं अडकलेलं शटर दुरुस्त करायला म्हणून तो मोटारसायकलवरून निघाला आणि पोचलाच नाही. मोबाइलचं शेवटचं लोकेशन विक्रोळीजवळ हायवेवर, त्यानंतर फोन बंद. गाडीही नाही, माणूसही नाही. तरुण पोरगा गाडीसकट गेला म्हणजे स्वतःच्या मर्जीने गेला, असा आमच्यात एक सोयीचा समज असतो. मीही तोच करून घेतला होता.

"बसा मावशी," मी म्हणालो.

त्या बसल्या नाहीत. टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "साहेबानू, माझो झील येता."

"मुलगा येतो? कुठे येतो?"

"घराकडे. दर गुरुवारी, दिवे लावच्या वेळेक. शटर आपोआप वर जाता. पण तो दिसणा नाय."

खोटं कशाला बोलू, मला रागच आला. भुताखेतांच्या तक्रारी घ्यायला माझ्याकडे रजिस्टर नव्हतं. मी विचारलं, शेजारपाजारच्या कुणाचं रिमोट लागत असेल का? त्यावर त्या ठामपणे म्हणाल्या, "नाय. ह्या शटर तेच्याच गाडयेक उघडता. दुसऱ्या कोणाक नाय."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही. मी ठाणे अंमलदाराला बोलावून स्टेशन डायरीत नोंद घ्यायला सांगितली की अर्जदार महिला मुलाच्या काळजीने मानसिक तणावाखाली असल्याचे दिसते. आणि एका शिपायाला त्यांच्याबरोबर पाठवलं. त्याने घरी जाऊन मोटरचा स्विच बंद केला, वर चिकटपट्टी लावली आणि येऊन मला सलाम ठोकून म्हणाला, "भूत बंद केलं सर." आम्ही हसलो. तेव्हा हसलो, हे आता सांगायला लाज वाटते.

पुढच्या शुक्रवारी त्या पुन्हा आल्या. या वेळी रडत होत्या. आधीच्या वेळी डोळ्यात टिपूसही नव्हता.

"साहेब, काल तो भायरसून परत गेलो," त्या म्हणाल्या. "तुमच्या माणसान दार बंद केल्यान. तो इलो आणि परत गेलो. आता येतलो कसो?"

म्हणजे तो आला आणि बाहेरूनच परत गेला. बाईंनी चिकटपट्टी स्वतःच्या हाताने काढून टाकली होती आणि स्विच पुन्हा चालू केला होता. मला त्या फक्त कळवायला आल्या होत्या. परवानगी मागत नव्हत्या.

आमच्याकडे मिसिंगचं काम बघणाऱ्या एक महिला हवालदार होत्या. घाटकोपरच्या चाळीत वाढलेल्या, तोंडाने फटकळ, कामाला वाघीण. त्या दाराशी उभं राहून सगळं ऐकत होत्या. मावशी गेल्यावर म्हणाल्या, "सर, एक विचारू? भूत गुरुवारीच का येतं? बाकीचे दिवस त्याला ड्युटी असते का?"

"म्हणजे?"

"म्हणजे वार बघून येतो तो माणूस असतो, सर. भुताकडे कॅलेंडर नसतं."

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघं साध्या कपड्यांत त्या घरी जाऊन बसलो.

वर्कशॉपची ती खोली मला अजून दिसते. भिंतीवर पाने-पक्कड ओळीने टांगलेले, एका कोपऱ्यात शटरच्या पट्ट्यांची चळत. मधली जागा रिकामी. तिथे मोटारसायकल उभी राहायची, फरशीवर तेलाचा जुना डाग होता. मावशींनी त्या डागावर कधी पाय दिला नाही, वळसा घालून जायच्या. साडेसहाला त्यांनी देवापाशी दिवा लावला आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलं.

"तो इलो की चाय लागता तेका," त्या म्हणाल्या. "शटरचो आवाज झालो की मी कप भरतंय. रोजचा होता."

बाहेर समोरच्या बाजूला दत्ताचं छोटं देऊळ होतं. गुरुवारची आरती चालू झाली. घंटा, टाळ, वाहनांचा गोंगाट. शटर बंद असल्यामुळे आत सगळं दबक्या आवाजात येत होतं.

पावणेसात वाजले असतील. डोक्यावर खट्ट असा आवाज झाला. मोटर घुरघुरली. कुणीही हात लावलेला नसताना ते लोखंडी शटर थरथरलं आणि जमिनीपासून सुटलं. आधी एक उजेडाची फट आली, मग रस्त्याची फरशी, मग लोकांचे पाय. ते कंबरेएवढं वर गेलं आणि तिथेच थांबलं.

"कधी कधी असा अर्ध्यार थांबता," मावशी कुजबुजल्या. "आत येवक लाजता." आणि त्या दारातल्या रिकाम्या जागेकडे बघून, अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "इलंस रे?"

पंचवीस वर्षं खाकी घातलेला माणूस मी. सडलेली प्रेतं हाताळली आहेत, फाशी घेतलेली माणसं खाली उतरवली आहेत. पण त्या क्षणी माझे पाय जागचे हलेनात. हवालदारबाई वाकून शटरखालून बाहेर धावल्या तेव्हा मी भानावर आलो. बाहेर काय होतं? काहीच नव्हतं. देवळापुढे आरतीची गर्दी, रिक्षा, स्कूटर, मोटारसायकली, भाजीची पिशवी घेतलेल्या बायका. त्या मुलासारखा कुणी नाही, त्याच्या लाल गाडीसारखी गाडी नाही. देवळाला कॅमेरा होता, पण तो दानपेटीवर रोखलेला. देवाला रस्त्यापेक्षा पेटीची काळजी जास्त. आत वळून पाहिलं तर मावशींनी कप भरून वर्कशॉपच्या टेबलावर ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी मरोळहून एका कारागिराला बोलावलं. तो बेपत्ता मुलाबरोबर काम केलेला, त्याच्याच वयाचा. त्याने शिडी लावली, मोटरजवळची डबी उघडली, एक बटण दाबलं. डबीतला दिवा तीन वेळा लुकलुकला.

"तीन रिमोट शिकवलेत ह्याला," तो म्हणाला. "तीनच्या वर एकपण नाही. दुसऱ्या कुणाचं रिमोट लागायचा सवालच नाही, साहेब."

एक रिमोट खिळ्याला टांगलेलं होतं. दुसरं मावशींच्या कमरेच्या बटव्यात. "तिसरं कुठे?" मी विचारलं.

तो शिडीवर तसाच थांबला. मग खाली उतरून हात पुसत म्हणाला, "तिसरं गाडीत आहे साहेब. त्याने रिमोट खोलून हेडलाइटच्या आत बसवलं होतं आणि डिपरच्या बटणाला जोडलं होतं. गाडीच्याच बॅटरीवर चालायचं. गल्लीच्या तोंडाशी आला की अंगठ्याने एकदा डिपर मारायचा, दिवा लुकलुकला की शटर वर. खिशात हात घालायला नको. मला दाखवलं होतं, झकास काम होतं. दोनदा मारला तर मात्र मध्येच थांबतं."

हवालदारबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. शटर फक्त त्याच्याच गाडीला उघडतं, हे मावशींनी मला पहिल्या दिवशी टेबलासमोर उभं राहून सांगितलं होतं. मी त्याला मानसिक तणाव म्हटलं होतं.

आता प्रश्न सरळ होता. गाडी जिवंत आहे, दर गुरुवारी देवळासमोरून जाते आणि जो कुणी चालवतो तो इथेच डिपर मारतो. पण इथेच का? उत्तर सोपं होतं आणि ते शोधायला आम्हाला अख्खा दिवस लागला, कारण आम्ही स्वतः ते रोज करतो. देवळासमोरून जाताना आपला ड्रायव्हर माणूस काय करतो? हात हँडलवर असतात, नमस्कार करता येत नाही. मग तो छातीला बोट लावतो, हॉर्नचा एक ठिपका देतो, नाहीतर डिपर मारतो. देवाला दिव्याने केलेला नमस्कार. ज्याने गाडी लपवली त्याने नंबरप्लेट बदलली असेल, रंग बदलला असेल, पण हेडलाइटच्या पोटात काय बसवलंय हे त्याला ठाऊकच नव्हतं.

पुढच्या गुरुवारी सापळा लावला. चार माणसं साध्या वेशात, हवालदारबाई दर्शनाच्या रांगेत, मी वर्कशॉपमध्ये शटरच्या आत. पावणेसातला डोक्यावर खट्ट झालं. शटर या वेळी पुरतं वर गेलं आणि मला दिसलं की रस्त्याच्या पलीकडे एक काळी मोटारसायकल थांबली आहे. हवालदारबाईंनी तिची चावी काढून मुठीत धरली होती. गाडीवरचा माणूस चाळिशीचा, किडकिडीत. तो पळाला नाही. पोलिसांकडे त्याचं लक्षही नव्हतं. तो उघडलेल्या शटरकडे बघत होता. माझ्यामागे मावशी चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. त्यांना पाहिल्यावर त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "बरं झालं. एकदाचं बरं झालं."

ठाण्यात आणून समोर बसवला. चहा दिला, त्याने बाजूला सारला. माझी पद्धत अशी होती की आधी माणसाला बोलू द्यायचं. मारझोडीने माणूस बोलतो, पण आपल्याला हवं ते बोलतो, घडलेलं नाही. हा मात्र बोलायलाच तयार नव्हता. तासाभराने त्याने मान वर केली.

"साहेब, मारायचं तर मारा. पण आधी एक सांगा. ते शटर कसं उघडतं?"

आयुष्यात पहिल्यांदा आरोपी माझी चौकशी करत होता. मी म्हणालो, "आधी तू तुझं सांग. मग मी शटरचं सांगतो."

सौदा त्याला पटला. तो टेम्पो ड्रायव्हर होता, विक्रोळीला चाळीत राहायचा. त्या पहाटे हायवेच्या बाजूच्या रस्त्यावर, खारफुटीच्या कडेने, रिकामा टेम्पो घेऊन माल भरायला चालला होता. मोबाइल वाजला म्हणून त्याने खाली पाहिलं आणि पुढच्या मोटारसायकलला मागून धडक बसली. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. त्याने मुलाला उचलून टेम्पोत ठेवलं, गाडीही चढवली. मुलगा शुद्धीवर होता, बोलत होता.

"काय बोलत होता?"

"मुलुंडला घर आहे म्हणाला, दत्ताच्या देवळासमोर. आईला फोन करू नका, ती घाबरेल. मला घरी सोडा. शटर वर गेलं की तिला कळतं मी आलो."

"हॉस्पिटल किती लांब होतं?"

"दहा मिनिटं. मी निघालो होतो साहेब, आईशपथ. पण मग वाटलं, केस होणार, लायसन जाणार, पोरं रस्त्यावर येणार. टेम्पो बाजूला लावला. म्हटलं पाच मिनिटं विचार करू. अर्धा तास झाला. मागे बघितलं तर..."

त्याने देह खाडीत सोडला. गाडी दोन महिने ताडपत्रीखाली ठेवली, काळी रंगवली, आपल्या भंगारात गेलेल्या गाडीची नंबरप्लेट लावली. मग एका गुरुवारी माफी मागावी म्हणून ते देऊळ शोधत आला. सवयीने डिपर मारला आणि समोरचं शटर आपोआप वर गेलं. आतून एक म्हातारी चहाचा कप घेऊन आली आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. मावशी रस्त्याकडे बघत होत्या, पण त्याला वाटलं आपल्याचकडे बघतात.

"तेव्हापासून दर गुरुवारी येतो," तो म्हणाला. "नाही आलो तर तो माझ्या घरी येईल असं वाटायचं. त्याने घरी सोडा म्हटलं होतं ना. माणूस तर राहिला नाही, गाडी तेवढी आणत होतो. एका गुरुवारी शटर उघडलंच नाही. अर्धा तास थांबलो. म्हटलं सुटलो, आता नाही यायचं. पण खात्री करायला परत आलो, तर उघडलं."

तो गुरुवार आमच्या चिकटपट्टीचा होता. मावशींनी माझं ऐकलं असतं, तर हा माणूस आपण सुटलो असं समजून कायमचा गेला असता आणि मी ती फाइल बांधून ठेवली असती.

मी त्याला ठाण्याच्या अंगणात नेलं. पंचांसमक्ष कारागिराने गाडीचा हेडलाइट उघडला. आत काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली, काडेपेटीएवढी एक पट्टी होती. मी टेम्पोवाल्याला सगळं समजावून सांगितलं. तो गाडीच्या चाकाशी बसला आणि स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"म्हणजे मीच उघडत होतो?" तो म्हणाला. मग हमसून हमसून रडला. मला त्याची कीव आली नाही असं म्हणणार नाही. पण तो अर्धा तास मी त्याला माफ करू शकलो नाही, आजही नाही.

पुढचं काम रीतीप्रमाणे झालं. चेसिस नंबर जुळला. मूळ नंबरप्लेट त्याने स्वतः पोटमाळ्यावरून काढून दिली. फेकायची हिंमत झाली नव्हती म्हणे. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, म्हणून मॅजिस्ट्रेटसमोर जबाब झाला. खाडीपलीकडच्या एका ठाण्यात त्याच सुमाराची अकस्मात मृत्यूची नोंद सापडली, अनोळखी पुरुष. तिथे जपून ठेवलेला नमुना मावशींच्या रक्ताशी जुळला. मृतदेहाचे मात्र बेवारस म्हणून अंत्यसंस्कार केव्हाच उरकले होते. आईला द्यायला अस्थीसुद्धा नव्हत्या.

हे सांगायला मी आणि हवालदारबाई गेलो. मावशींनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, "किती वेळ जितो होतो?" किती वेळ जिवंत होता. मला खोटं बोलता आलं असतं. पण कोर्टात उद्या ऐकण्यापेक्षा माझ्याकडून आज ऐकलेलं बरं. "अर्धा तास," मी म्हणालो. त्यांनी डोळे मिटले. दुसरा प्रश्न, "तो काय म्हणालो?" तेही शब्द न बदलता सांगितलं. शटर वर गेलं की तिला कळतं मी आलो.

मग त्या म्हणाल्या, "माका गाडी व्हयी."

गाडी मुद्देमाल होती. ती सुपुर्तनाम्यावर, म्हणजे हमी लिहून घेऊन, आईला मिळावी असा अर्ज झाला. रिमोट काढून पुरावा म्हणून ठेवावं, असं एक मत आलं. मी पहिल्यांदाच सरकारी पक्षाशी वाद घातला. फोटो काढा, पंचनामा करा, पण ते गाडीतून काढू नका म्हणालो. कोर्टाने ऐकलं.

गाडी पोचवायचा दिवस ठरवताना मावशींनी निरोप पाठवला, गाडी ढकलत आणू नका. हवालदारबाई ती चालवत पुढे, मी मागे जीपमध्ये. वार गुरुवार नव्हता, दुपार होती, ऊन होतं. देवळासमोर बाई थांबल्या, वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी डिपर एकदाच मारला.

शटर वर गेलं, थेट वरपर्यंत. मावशी आत कप भरून उभ्या होत्या. गाडी त्या तेलाच्या डागावर जाऊन उभी राहिली. त्यांनी काळ्या टाकीवरून हात फिरवला, खाली कुठे लाल दिसतो का ते नखाने खरवडून पाहिलं. दिसला. मग कप हवालदारबाईंच्या हातात दिला. "तू पी गं," म्हणाल्या. एवढ्या फटकळ बाई, पण त्यांनी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि कप स्वतः विसळून ठेवला.

तपास करणाऱ्याने तक्रारदाराचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं, हा नियम मी पहिल्या वर्षापासून शिपायांना शिकवत होतो. त्या सकाळी मी स्वतः तो मोडला. टेम्पोवाल्याने अर्धा तास विचार केला. मी तर त्या बाईला दोन आठवडे वेडी ठरवलं होतं. खरं सांगतो, पुढच्या नोकरीत कुणी कितीही अचाट बोललं तरी मी आधी पेन उघडलं, मग तोंड.

निघताना मी म्हणालो, "मावशी, आता स्विच बंद करू का?"

"तुम्ही नुको, साहेबानू," त्या म्हणाल्या. त्या स्वतः भिंतीपाशी गेल्या आणि शटर उतरवायच्या बटणावर हात ठेवला. शटर खाली येऊ लागलं. आम्ही वाकून बाहेर पडलो. फट अगदी बारीक उरली तेव्हा आतून त्यांचा आवाज आला, या वेळी प्रश्न नव्हता.

"इलो."